एकशे त्रेचाळीस शिड्या आणि एक स्वेटर

...नाही, पंखा चालू आहे हे दिसतंय मला, अध्यक्षसाहेब, पंख्याची काही चूक नाही, चूक माझी आहे, आणि "अहो, मग स्वेटर काढा ना" हे तुम्ही आता तिसऱ्यांदा म्हणताय, तर तुम्हाला सांगतो, नाही काढणार! येऊ दे घाम. यायलाच पाहिजे. एवढ्या उकाड्यात माणूस स्वेटर घालून भाषणाला उभा राहतो म्हणजे एक तर त्याला ताप आहे किंवा त्याच्या मनाला काहीतरी लागलंय, आणि ताप मी सकाळी बघितला, नाहीये.

आता हे मागे फळ्यावर बघा काय लिहिलंय. 'धंद्याची वेबसाइट : मालाची टॅबवाली पानं, सांभाळायला सोपी'. अक्षर छान आहे, कुणी काढलं? सुंदर. आणि निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली काय छापलंत? 'शिडी कारखान्याच्या आदर्श वेबसाइटचे निर्माते'. आदर्श! तो शब्द वाचला आणि मी पत्रिका उलटी करून ठेवली, तर मागच्या बाजूलाही तोच शब्द, आणि तिथे तर ठळक! तुम्ही सगळी धंद्यातली माणसं, कुणाच्या टाक्या, कुणाचे नळ, कुणाची कुलपं, दुकान सोडून इथे आलाय, वह्यासुद्धा उघडल्यात... त्या पहिल्या रांगेतल्या ताईंनी तर तारीख पण घातली. नका हो इतक्या विश्वासानं तारीख घालू.

बरं. विषयावर येतो. मुद्दा पहिला. टॅब म्हणजे काय? दवाखान्यातली जाड फाइल बघितलीत ना, बाजूला रंगीत पट्ट्या बाहेर आलेल्या? पट्टीला बोट लावलं की नेमकं तेच पान उघडतं. तसंच आहे हे. एका वस्तूचं एक पान आणि त्या पानावर कप्पे. गिऱ्हाइकाला माप हवं तर मापाच्या कप्प्यावर बोट ठेवायचं, बाकीचं सगळं आपलं झाकलेलं. कप्पे थोडे ठेवायचे, नावं सगळ्या पानांवर सारखी ठेवायची, आज 'मापं' आणि उद्या 'आकारमानविषयक तपशील' असं नाही करायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जो मजकूर सगळ्या पानांवर सारखाच आहे, तो एकाच जागी ठेवायचा आणि तिथून प्रत्येक पानाला पुरवायचा. म्हणजे एका जागी बदललं, की सगळीकडे बदलतं!

लिहिलंत? "एका जागी बदललं, की सगळीकडे बदलतं." हो, लिहा. वाक्य छान आहे. त्या वाक्यानंच माझा घात केला.

त्याचं असं झालं, माझ्या बायकोचे सख्खे मामा, त्यांचा शिड्यांचा कारखाना. लाकडी शिड्या, ॲल्युमिनियमच्या, घडीच्या, सरकत्या, आणि तो घोडा, दोन्हीकडून टेकतो तो. सगळं गाव त्यांना शिडीमामा म्हणतं, तोंडावर म्हणतं, त्यांना आवडतं. तर तीन वर्षांपूर्वी मामांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "जावईबुवा, आपल्या वेबसाइटवर गिऱ्हाईक वरून खाली येता येता दमतं हो! वर फोटो, मग आमची परंपरा, मग माझ्या वडिलांचा फोटो, मग माझा फोटो, आणि शिडीचं वजन तळघरात! शिडीवर चढायच्या आधीच दमलेलं गिऱ्हाईक शिडी कशाला घेईल?" मी म्हटलं, "मामा, चिंता सोडा. पाच कप्पे करतो. ओळख, मापं, वापर, काळजी, विचारा. बस." मामा म्हणाले, "आणि वडिलांचा फोटो?" मी म्हटलं, "ओळखीत." मामांनी डोळेच पुसले.

मग नमुना दाखवायचा दिवस. मामांच्या ऑफिसात भिंतीवर पडदा लावलेला, मामा मधल्या खुर्चीत, बाजूला विक्रीचे साहेब, आणि दाराशी, अर्धी खुर्ची दारात आणि अर्धी बाहेर, अशा टायपिंगच्या बाई. वय आज अठ्ठावन्न-एकोणसाठ. मूळच्या टाइपरायटरवाल्या, टाइपरायटर गेला तेव्हा कॉम्प्युटर शिकल्या, नवऱ्यामागे एकटीनं घर चालवलं, कुठल्या कामाला मागे हटणाऱ्या नाहीत पण स्वतःहून एक शब्द बोलणाऱ्याही नाहीत. वेबसाइट सांभाळायचं काम त्यांच्याकडे येणार होतं. हातात वही, पेन्सिल. आणि मी! मी काय रंगात होतो! तीन शिड्यांची तीन पानं केली होती, 'काळजी'च्या कप्प्यात एक शब्द बदलला, 'शिडी ओल्या जागी ठेवू नये' होतं ते 'दमट जागी' केलं, आणि टाळी वाजवून पुढची दोन पानं उघडली... दमट! दमट! मामा खुर्चीतून उठले. मी पडद्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून म्हणालो, "एका जागी बदललं, की सगळीकडे बदलतं!" मागे वळून बघायला हवं होतं मी तेव्हा. दारातल्या बाईंनी ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

इथवर, तुम्हाला सांगतो, मी प्रामाणिक होतो. त्या तीन पानांपुरता माणूस सज्जन होता!

पण मग शिड्यांची यादी आली. एकशे त्रेचाळीस. मला काय माहीत जगात एवढ्या शिड्या असतात? मी म्हटलं एखादी उंच, एखादी ठेंगणी, फार तर पंधरा. एकशे त्रेचाळीस! आणि मामांचा फोन, "जावईबुवा, कारखान्याला पंचवीस वर्षं होताहेत, त्या दिवशी वेबसाइट सुरू करायची, पाहुणे बोलावलेत." केव्हा आहे तो दिवस? आठ दिवसांनी! आता सारखा मजकूर एका जागी आणायचा, प्रत्येक शिडीला तिथून जोडायचं, तपासायचं, हे बैठकीचं काम आहे, आठ दिवसांत होत नाही. म्हणजे झालं असतं. खोटं कशाला बोलू? मी बसलो असतो तर झालं असतं. पण मी काय केलं... ताई, हे नका लिहू... मी एक पान केलं, आणि त्याच्या एकशे बेचाळीस नकला मारल्या. नक्कल करा, चिकटवा, नाव बदला, माप बदला, पुढची शिडी. एकशे त्रेचाळीस पानं, प्रत्येकात पाच कप्पे, सातशे पंधरा कप्पे, आणि कुणाचा कुणाशी काडीचा संबंध नाही. दिसायला? झकास! नमुन्यातल्या पानांसारखीच. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायची सोय नाही. आणि मनाला काय सांगितलं? "नंतर जोडू."

नंतर! तुमच्याकडेही असेल की हा 'नंतर'. माझ्याकडचा तीन वर्षांचा झाला, पुढच्या वर्षी शाळेत घालायला झाला असता.

समारंभ झाला, मामांनी पाहुण्यांसमोर माझा खांदा थोपटला, आणि पंधरा दिवसांनी फोन. मी पडद्यांच्या दुकानात बसलो होतो, नवं गिऱ्हाईक, पडदेवाल्याला तेच सांगत होतो, "एका जागी बदललं, की..." आणि फोन वाजला. बाई! इतका हळू आवाज, जसं काही फोनलाही त्रास नको. "साहेब, मी कारखान्यातनं, टायपिंगची... साहेब, मी एका जागी बदललं, पण सगळीकडे नाही हो बदललं. माझंच काहीतरी चुकतंय का?"

आता बघा. समोर पडदेवाला, कान देऊन बसलेला. तोंडात माझ्या अर्धं वाक्य. 'नाही बाई, तुमचं काही चुकत नाही, मी कामात चालढकल केलीये' एवढंच म्हणायचं होतं. किती शब्द झाले? मोजा. दहा, फक्त दहा! त्याऐवजी मी काय म्हणालो? मी असा जरा हसलो, पडदेवाल्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि फोनमध्ये म्हणालो, "बाई, तुम्ही 'सेव्ह' नीट दाबत नसाल."

(थांबा जरा. पाणी आहे का?)

...'सेव्ह' नीट दाबत नसाल! आणि बाई काय म्हणाल्या असतील? भांडल्या? नाही. "हो साहेब, माझंच चुकलं असेल, आता वय झालं, नीट दाबते हं." आणि फोन ठेवला. संपलं. त्यानंतर तीन वर्षं बाईंचा एक फोन नाही. मला काय वाटलं? काही नाही वाटलं! पहिला आठवडा जरा रुखरुख होती, मग रुखरुखीलाही कंटाळा आला. आणि गंमत अशी की वेबसाइट कायम ताजी! पत्ता बदलला, बदलला. हमी दोनाची तीन वर्षं झाली, प्रत्येक शिडीवर तीन. मी मनाशी म्हणायचो, मीच कधीतरी जोडून टाकलं असेल बहुतेक. माणूस स्वतःला किती सवलत देतो बघा! आणि वर नव्या गिऱ्हाइकांना तीच वेबसाइट उघडून दाखवायचो, "बघा, शिड्यांची. तीन वर्षं झाली, सांभाळायला इतकी सोपी, एक फोन नाही आला!" फोन आला नाही हे माझं प्रमाणपत्र! आणि तेच ऐकून तुम्ही मला इथे बोलावलंत.

मग परवाच्या, नाही, गेल्या गुरुवारी, म्हटलं भाषणाला चार फोटो हवेत, कारखान्याची बाई काम करताना असा एखादा प्रसन्न फोटो, म्हणून न कळवता सकाळी लवकर तिकडे गेलो. ऑफिस अजून उघडायचं होतं. म्हणजे कुलूप निघालेलं होतं, पण माणसं यायची होती. आणि आत बाई. एकट्या.

टेबलावर ही एवढी वही. चौकोनांची. उभे एकशे त्रेचाळीस, आडवे पाच. वहीवर लाकडी पट्टी ठेवलेली, ओळ चुकू नये म्हणून, आणि बाई पडद्यावर एक शिडी उघडताहेत, 'विचारा'वर जाताहेत, जुना फोन नंबर पुसताहेत, नवा घालताहेत, वहीत खूण करताहेत, पट्टी एक ओळ खाली सरकवताहेत, पुढची शिडी. पाठ ताठ. चष्म्याला दोरी. आणि प्रत्येक वेळी 'सेव्ह' तीनदा! टक, टक, टक. पट्टी खाली. टक, टक, टक. माऊसचं ते डावं बटण झिजून असं गुळगुळीत झालेलं, चकाकत होतं हो!

मी म्हटलं, "बाई, तीनदा का?"

बाई दचकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, मी नीट दाबत नाही म्हणून. तेव्हापासून एकदा दाबते, एकदा खात्रीसाठी दाबते, आणि एकदा... तुमच्या शब्दासाठी."

माझ्या शब्दासाठी! भुईनं पोटात घ्यावं तर खाली फरशी. मी खुर्ची ओढली आणि बसलो. आणि बाई काय करताहेत? माझी समजूत घालताहेत! "साहेब, तुमच्या पानांत काही कमी नाही हं. माझाच हात मुळात मंद. दुसरी कुणी असती तर एका जागी बदललं असतं आणि सगळीकडे बदललं असतं, मी पहिले सहा महिने रोज करून बघितलं, मला नाही जमलं. मग म्हटलं, नसेल जमत तर नसेल, काम थोडंच अडवायचं? एक तास आधी येते, एकेक करते, सगळे येईपर्यंत बरंच उरकतं. अठ्ठ्याऐंशी झाल्या आज." आणि मग टेबलावर जरा पुढे वाकून, हळू आवाजात, "साहेब, मामांना नका सांगू हं. मला हे येत नाही कळलं तर ठेवतील का मला? दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला."

एकोणीस वेळा. वहीच्या शेवटी बाईंनी लिहून ठेवलंय, कधी काय बदललं. एकोणीस वेळा एकशे त्रेचाळीस पानं, प्रत्येक वेळी तीन टक. घरी जाताना मी हिशेब केला, आठ हजार एकशे एक्कावन्न. मी म्हणालो होतो एक वाक्य. बाईंनी दाबलं आठ हजार एकशे एक्कावन्न वेळा!

आणि तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी जगलो असतो. पण बाईंनी खण उघडला आणि कागदात गुंडाळलेलं हे काढलं. हे! हा स्वेटर! "साहेब, तुमच्यासाठी कधीचा विणून ठेवलाय, भेटच होईना. अंदाजानंच विणलाय, त्या दिवशी तुम्ही पडद्याकडे तोंड करून उभे होतात ना, पाठ नीट बघितली होती." मी म्हटलं, "बाई, मला कशाला?" तर म्हणाल्या, "त्या फोनवरच तुम्हाला कळलं होतं ना, मला येत नाही ते? पण तुम्ही मामांना बोलला नाहीत. तीन वर्षं झाकून ठेवलंत. मोठं मन तुमचं."

मोठं मन!! अहो, मला सांगा, माणसानं यावर काय करावं? मी तोंड उघडलं होतं हं, देवाशपथ उघडलं होतं, "बाई, खरं म्हणजे..." इथपर्यंत आलो होतो, आणि दारातून शिडीमामा! "अरे वा, जावईबुवा! आमच्या आदर्श वेबसाइटचा फोटो काढायला आलात? काढा, काढा! बाई, जरा हसा!" आणि बाई हसल्या. आणि मी फोटो काढला. काढला हो! आहे इथे फोनमध्ये, नाही दाखवणार.

घरी आलो. बायको म्हणाली, "स्वेटर कुठला? बसलाय अगदी अंगावर मापून." मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली, ऐकत गेली, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "अरे, ती बाई तुझ्यामुळे एक तास आधी उठते." कणकेचा गोळा घेऊन मळायला लागली, आणि काय मळत होती! मी आपला बाजूला उभा. मग म्हणाली, "आधी ते नीट कर. आणि मग तोंडानं सांग. नुसतं नीट करून सुटायचं नाही."

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस बसलो आणि केलं. सगळा सारखा मजकूर एका जागी, एकशे त्रेचाळीस शिड्या त्याला जोडल्या, ज्या कप्प्यात काही नाही तो कप्पा आपोआप गायब होईल असंही केलं. तीन दिवस! तीन वर्षं ज्याला 'नंतर' म्हणत होतो ते फक्त तीन दिवसांचं होतं! एवढ्यावरच मला कुणीतरी दोन ठेवून द्यायला हवे होते.

सोमवारी गेलो. स्वेटर घालून. वाटेत पाठ केलं होतं, "बाई, चूक माझी होती. बाई, चूक माझी होती." आणि बाईंसमोर उभा राहून काय म्हणालो? "बाई, थोडी सुधारणा केलीये." सुधारणा! बघा हा शब्द! चुकीला धुऊन इस्त्री केली की तिला सुधारणा म्हणतात. बाईंनी वही उघडली, पट्टी ठेवली. मी म्हटलं, "पट्टी नको. एका जागी बदलून बघा." बाईंनी 'काळजी'त 'दमट' पुसून 'ओल्या' केलं. टक, टक, टक. पुढची शिडी उघडली. ओल्या. पुढची. ओल्या. घडीची, सरकती, घोडा... ओल्या, ओल्या, ओल्या. आणि बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "साहेब, मला जमलं!!"

मी म्हटलं, "बाई, तसं नाही..." पण ऐकायला त्या होत्या कुठे? गेल्या! तरातरा मामांच्या केबिनमध्ये! तीन वर्षांत जी बाई दाराच्या आत पूर्ण खुर्ची ओढून बसली नाही, ती थेट टेबलापाशी, "मामा, मला जमलं! एका जागी बदललं, की सगळीकडे बदलतं!" मी मागून धावतोय. मामांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "आता जमलं? म्हणजे आधी जमत नव्हतं? मग तीन वर्षं काय करत होता तुम्ही?"

आणि बाईंचा चेहरा... तो आनंद चेहऱ्यावरून उतरताना मी बघितला हो. हात पदराशी गेला. विक्रीचे साहेब लगेच, त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी, "म्हणजे आता या कामाला माणूस पूर्ण दिवस लागायचा नाही, नाही का मामा?"

तेव्हा मात्र, तुम्हाला सांगतो, माझ्यातला तो तीन पानांचा सज्जन माणूस जागा झाला! मी म्हटलं, "मामा, थांबा! बाईंना सगळं येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. पानं मीच जोडली नव्हती. नकला मारल्या होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, त्यांच्यावर ढकललं. चूक माझी आहे, शंभर टक्के माझी!" बोललो! एका दमात! अंगावरून डोंगर उतरला! मी मान खाली घालून उभा, आता मामा गर्जतील, भाचीला फोन लावतील, मला दारातून बाहेर काढतील...

वर बघितलं, तर मामा डोळे पुसताहेत. "जावईबुवा," म्हणाले, "एका म्हाताऱ्या बाईची नोकरी वाचावी म्हणून माणूस स्वतःच्या कामाला बट्टा लावून घेतो... काय मन आहे हो तुमचं!" मी ओरडलो, "मामा, खरंच माझी चूक आहे!" मामा म्हणाले, "बघा, अजून सोडत नाहीत!" मी बाईंकडे वळलो, "बाई, तुम्ही तरी..." तर बाई हात जोडून उभ्या, "नको साहेब, माझ्यासाठी आणखी खोटं नका बोलू." विक्रीच्या साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. त्यांनी पण!

आणि नोकरी? ती मी नाही वाचवली. मामांनी आपलं सहज विचारलं, "बरं बाई, त्या सरकत्या सोळा पायऱ्यांच्या शिडीचं वजन किती?" बाई म्हणाल्या, "अठरा किलो दोनशे. पण गिऱ्हाइकाचं छत बारा फुटांचं असेल तर ती घेऊ नये, घडीची चौदाची घ्यावी, हलकी पडते." वही न बघता! मामांनी दुसरी विचारली, तिसरी विचारली, लोक येऊन दाराशी उभे राहिले, बाई सांगताहेत, सांगताहेत, एकशे त्रेचाळीस शिड्या, पायऱ्यांसकट तोंडपाठ! होणारच ना, एकोणीस वेळा एकेकीला हात लावलाय! विक्रीच्या साहेबांना स्वतःला नऊ शिड्या सांगता येईनात. मामा म्हणाले, "बाई, उद्यापासून 'विचारा'च्या कप्प्यात जे कुणी विचारेल, त्याला उत्तर तुम्ही द्यायचं." खुर्ची दारातून उचलून आत आणली. म्हणजे बाई स्वतःच्या कष्टावर टिकल्या, आणि श्रेय कुणाला? मला! सगळा कारखाना मला दारापर्यंत सोडायला आला.

फक्त बायकोनं माझ्यावर विश्वास ठेवला. चूक तुझीच आहे म्हणाली. तेवढाच आधार वाटला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, मंडळी, की पानं तुम्ही एका जागी जोडू शकता, खरं नाही हो जोडता येत! खरं मी एका जागी सांगितलं, कुठ्ठे बदललं नाही. म्हणून आता मी बाईंचीच रीत धरलीये, हातानं, एकेकाला गाठून. ही बघा वही. चौकोनांची. पडदेवाला झाला, तो म्हणाला तुम्ही विनयशील आहात. कुलूपवाले झाले, ते म्हणाले असा माणूस मिळणं कठीण. विक्रीच्या साहेबांना दोनदा सांगितलं. तीनदा सांगायला हवं बहुतेक, टक, टक, टक. आज तुम्ही इथे साठ-सत्तर जण आहात, म्हटलं एकदम बऱ्याच खुणा होतील... त्या तिसऱ्या रांगेतले काका काय म्हणताहेत? मोठ्यांदा बोला काका. "काय मोठं..." नको! नका म्हणू! आणि ताई, तुम्ही रुमाल कशाला काढलाय? अहो, मी खराब माणूस आहे, लिहून घ्या, तारखेखाली लिहा!

...लिहिलं नाहीत ना. माहीत होतं.

आणि काल दुपारी बाईंचा फोन आला. मी घाबरतच घेतला. आवाज खणखणीत! "साहेब, काम चहाच्या आत संपतंय आता. एका जागी बदललं, की सगळीकडे बदलतं! गिऱ्हाइकांना उत्तरं दिली तरी दुपार मोकळी राहते, आणि हातांना सवय लागलीये ना, रिकामे बसवत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी दुसरा घातलाय विणायला. हा बिनबाह्यांचा झाला ना, तो पूर्ण बाह्यांचा. गळा बंद. आणि दुहेरी लोकर!"

...पंखा राहू द्या हो, अध्यक्षसाहेब. बंद केलात तरी चालेल. सवय करायला हवी.